प्रश्न लेखी द्यावेत

निशिकांत म्हैसाळकरांनी मुलाखतीचा फॉर्म छापून घेतला होता. हॉकीच्या कोचकडे शिट्टी असते, गळ्यात स्टॉपवॉच असतं, पोरींवर ओरडायला लागतो तेवढा घसा असतो. पण फॉर्म असल्याचं अश्लेषाने कधी ऐकलं नव्हतं. त्यात पाच रकाने होते. पत्रकाराचं नाव, कोणत्या खेळाडूशी बोलायचंय तिचं नाव, प्रश्न जास्तीत जास्त तीन, मग दिवस आणि वेळ. पाचव्या रकान्यावर लिहिलेलं होतं 'संभाव्य धोका', आणि तो कोच स्वतः भरत.

अश्लेषा पाटसकर ही सिंगापूरच्या क्लेमेंटीजवळच्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला संख्याशास्त्र शिकणारी पुण्याची मुलगी. विद्यार्थ्यांच्या साप्ताहिकात ती खेळांच्या बातम्या लिहायची. तिचा पहिला फॉर्म दोन दिवसांनी परत आला. त्यावर लाल शिक्का होता, नामंजूर, आणि धोक्याच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: प्रश्न फार मोकळा आहे. तिने दुसरा फॉर्म भरला आणि प्रश्न चांगला आवळून लिहिला. त्यावर शेरा आला: उत्तर आधीच गृहीत धरलेलं दिसतं. दोन्ही शेरे खरे होते. त्यामुळे तिला राग यायचा तो आला नाही, उलट हा माणूस आहे तरी कोण, असं तिच्या डोक्यात घोळायला लागलं. आणि अश्लेषाच्या डोक्यात एखादी गोष्ट घोळायला लागली की तिला अन्न गोड लागत नसे.

तिने साप्ताहिकाचे जुने अंक काढून बसून वाचले. अकरा वर्षांत मुलींच्या हॉकी संघाविषयी जे काही छापून आलं होतं, त्यात एकाही खेळाडूचं एकही वाक्य नव्हतं. बोलले होते ते फक्त कोच, आणि तेही दरवेळी तेच: मुली मेहनत घेताहेत, आम्ही एका वेळी एकाच सामन्याचा विचार करतो. जिंकल्यावर हेच, हरल्यावर हेच, आणि एकदा विजा चमकल्या म्हणून सामना रद्द झाला, तेव्हासुद्धा हेच.

बाकी माणूस साधा निघाला. वय अठ्ठावन्न, मूळचे कोल्हापूरचे, गेली एकोणीस वर्षं सिंगापुरात. दिवसा तुआसच्या एका जहाजदुरुस्तीच्या यार्डात सेफ्टी ऑफिसर, आणि अकरा वर्षांपासून मंगळवार, गुरुवार, शनिवार संध्याकाळी विद्यापीठाच्या मैदानावर कोच. फॉर्मचं मूळ तुआसमध्येच होतं. तिथे जहाजाच्या टाकीत उतरायचं तर आधी परमिट लागतं. आत कुठला वायू साठलाय हे मोजल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, आत गेलेल्याचं नाव लिहायचं, आणि तो वर येईपर्यंत एक माणूस तोंडाशी उभा करायचा. निशिकांतकाकांनी हाच कायदा जसाच्या तसा मैदानावर आणला होता. एकोणीस-वीस वर्षांच्या पोरी म्हणजे त्यांच्या लेखी बंद टाक्या होत्या, आणि पत्रकार म्हणजे काडेपेटी घेऊन आलेला माणूस.

पण २०१४च्या त्या फेब्रुवारीत अश्लेषाचा प्रश्न पोकळ नव्हता. तीन आठवड्यांपूर्वी विद्यापीठांच्या स्पर्धेचा उपांत्य सामना झाला होता. सत्तर मिनिटांत दोन्ही बाजूंनी एकही गोल नाही. विद्यापीठाची गोलकीपर हुई मिन, शेवटच्या वर्षाची, इतकी सुंदर खेळली होती की प्रतिस्पर्धी संघाचे लोकही टाळ्या वाजवत होते. मग निकालासाठी शूटआउट झाला. त्यात एकेक खेळाडू चेंडू घेऊन एकटी येते आणि गोलकीपरला एकटीनेच तिला अडवायचं असतं. आणि नेमकं तेव्हा कोचनी हुई मिनला बाहेर बसवून अवनीला आत पाठवलं. अवनी दुसऱ्या वर्षाची, वर्षभरात पाच सामनेही न खेळलेली. पाचांतले चार गोल झाले. अकरा वर्षांत पहिल्यांदा दिसलेली अंतिम फेरी हातातून गेली.

असं का केलं, हे कुणालाच कळलं नाही, आणि जिथे कळत नाही तिथे लोक स्वतःच्या मनाने भर घालतात. फेसबुकवर विद्यार्थ्यांचं एक पान होतं, नाव न सांगता मनातलं ओकायचं. तिथे कुणीतरी लिहिलं, की कोचचं आडनाव काय, अवनीचं आडनाव काय, जरा बघा. दोघंही इंडियन, दोघंही एकाच भाषेत बोलतात. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, असा एकूण अर्थ. खाली सव्वातीनशे लोकांनी त्याला लाइकचे अंगठे दिले होते. अवनीने काहीच उत्तर दिलं नाही. संघातल्या कुणीच दिलं नाही. कोचच्या कायद्याने ते देता येत नव्हतं, आणि कोच स्वतः विचारणाऱ्याला सांगत होते की मुली मेहनत घेताहेत.

अश्लेषाला इथे पाणी मुरतंय हे दिसत होतं, कुठे ते दिसत नव्हतं. अवनीने महिनाअखेर संघ सोडायचं ठरवलंय, अशी कुजबुज तिच्या कानावर आली होती, आणि त्यामुळे तिला घाई होती. म्हणून तिसरा फॉर्म घेऊन ती स्वतःच मैदानावर गेली. कोचनी चष्मा नाकावर ओढून फॉर्म वाचला, वरच्या रकान्यापाशी थांबले आणि पहिल्यांदाच मराठीत बोलले. पाटसकर म्हणजे पुण्याची काय, कुठे राहतेस, जेवणाचं काय करतेस. ती म्हणाली की क्लेमेंटीत एका फ्लॅटमध्ये खोली घेतलीय आणि जेवण खालच्या हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या स्टॉलवर. यावर त्यांनी तोंड असं केलं, जसं काही ती रोज उपाशीच झोपत होती. फॉर्मवर नामंजूरचा शिक्का मारला आणि त्याच फॉर्मच्या पाठीमागे स्वतःच्या घराचा पत्ता लिहून दिला.

"रविवारी ये जेवायला," ते म्हणाले. "बातमी मिळणार नाही, आमटी मिळेल."

आता यातली गंमत बघा. दुसऱ्या कुठल्याही पत्रकाराला या माणसाने उंबऱ्याजवळ उभं केलं नसतं. पण समोर मराठी पोर आहे, बाहेरचं खाते आहे, हे कळल्यावर तिला ताटावर न बोलावणं त्यांना जमणारच नव्हतं. कागदावरची अश्लेषा नामंजूर आणि कागदामागची अश्लेषा मंजूर. फेसबुकवरच्या त्या माणसाला हे कळलं असतं तर त्याने आणखी एक परिच्छेद लिहिला असता, आणि तोही अगदीच चुकीचा ठरला नसता. अश्लेषाच्या हे लक्षात आलं. तरी ती गेली, कारण उत्सुकता होती, आणि आमटीही होती.

म्हैसाळकरांचा फ्लॅट नवव्या मजल्यावर होता. दारात चपलांचा ढीग होता. आत अवनीही आलेली होती. सेरंगूनला आई-वडिलांबरोबर राहणारी, तिसरीपासून सिंगापूरच्या शाळेत शिकलेली ही मुलगी मराठी सगळं समजायची आणि उत्तर इंग्रजीत द्यायची. अश्लेषाला बघून तिने मान खाली घातली आणि पापड मोडत बसली. काकांनी दोघींना एकदाच सांगितलं की या घरात हॉकीचा विषय निघत नाही, आणि मग स्वतः तुआसच्या क्रेनविषयी वीस मिनिटं बोलले.

संजीवनीकाकू मात्र वेगळ्या मातीच्या. कोल्हापूरच्या बायका बोलतात तशी 'मी करतो, मी जातो' अशी त्यांची भाषा, आणि गप्प बसणं हा प्रकार त्यांना ठाऊक नव्हता. जेवणं झाल्यावर अवनी लवकर निघून गेली, काका आडवे झाले, आणि काकूंनी अश्लेषाला स्वयंपाकघरात ओढलं. उरलेली आमटी डब्यात भरता भरता त्या तिची चौकशी करू लागल्या, आणि चौकशीवरून स्वतःच सांगण्यावर आल्या. घर कसं मोकळं मोकळं वाटतं. आधी रविवारी चार-पाच पोरी असायच्या. तो तांबडा रस्सा हुई मिनला इतका आवडायचा, की नाकातून पाणी येईस्तोवर प्यायची. तीन आठवडे झाले, पाय ठेवला नाही तिने.

"त्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत मीच होतो तिच्याजवळ," काकू म्हणाल्या. "श्वास अडकला होता पोरीचा. ह्यांना म्हणाली, कोच, मला नाही जमणार, मला आत पाठवू नका. मी पाठ चोळत बसलो आणि बाहेर ती अवनी बिचारी उभी राहिली."

अश्लेषाच्या हातातला डबा तसाच राहिला. काकूंनी तिच्या तोंडाकडे बघितलं, आणि मग त्यांना आठवलं. पळी खाली ठेवून त्यांनी हळूच विचारलं, तू ती पेपरवाली ना गं. अश्लेषा हो म्हणाली. काकू स्टुलावर बसल्या. ह्यांना सांगू नकोस, एवढंच त्या म्हणाल्या, आणि मग थोडा वेळ विचार करून म्हणाल्या, की पण सांगितलंस तर मी नाही म्हणणार नाही.

अश्लेषा डबा घेऊन खोलीवर आली तेव्हा तिची अवस्था धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी झाली होती. जे हवं होतं ते हातात आलं होतं, पण ते पाहुणी म्हणून आलं होतं. ज्या घरचं मीठ खाल्लं त्या घराच्या बाईचं बोलणं छापायचं कसं? साप्ताहिकाचा संपादक हा कायद्याचा अभ्यास करणारा शांत चिनी मुलगा होता. त्याला तिने नावं न घेता विचारलं. तो म्हणाला, जेवताना ऐकलेलं हे ऐकलेलंच असतं. पण ज्या मुलीविषयी आहे, तिने स्वतः सांगितल्याशिवाय मी छापणार नाही. गुरुवारपर्यंत सांग, नाहीतर त्या पानावर टेबल टेनिस जाईल.

मग तिने अवनीला गाठलं, लायब्ररीजवळच्या बस स्टॉपवर. फॉर्म नाही, वही नाही, नुसती शेजारी बसली. मला कळलंय, ती म्हणाली. अवनीने विचारलंसुद्धा नाही की काय कळलंय. तिचे डोळे भरून आले.

"कॅनॉट लाह, नाही बोलता येणार," ती म्हणाली. "कोचनी सांगितलंय, कुणाशी बोलायचं नाही. एकमेकींशीपण नाही." हे तिने मराठीत म्हटलं आणि पुढचं सगळं इंग्रजीत. मला सगळे विचारतात की तुझा मामा लागतो का तो. लेक्चरला मागच्या रांगेतून कुणीतरी कोचचं आडनाव घेऊन हाक मारतं. मी त्या दिवशी आत जायला तयारही नव्हते. कुणालातरी जावं लागणार होतं. आता मला हॉकीचा बूट बघवतसुद्धा नाही. एकतीस तारखेला किट परत करून टाकणार, संपलं. फेब्रुवारीत एकतीस नसते, असं अश्लेषा म्हणाली नाही. बस आली आणि अवनी गेली.

चोर सोडून संन्याशाला फाशी, हे ऐकायला बरं वाटतं. पण इथे चोरसुद्धा कुणी नव्हता, आणि म्हणूनच अश्लेषाला झोंबत होतं. एकीचा श्वास अडकला, दुसरी तिच्या जागी उभी राहिली. यात कुणाचं काय चुकलं होतं? तरी एक तोंड लपवत होती आणि दुसरी खेळ सोडत होती, आणि या दोघींच्या मधोमध एक माणूस शिक्का घेऊन उभा होता. तो वाईट माणूस असता तर काम सोपं होतं.

गुरुवारी सरावाआधी ती मैदानावर गेली. काका एकटेच शंकू मांडत होते. तिने काकूंचं नाव घेतलं नाही, फक्त म्हणाली की शूटआउटच्या वेळी काय झालं ते मला माहीत आहे आणि मी ते छापणार नाहीये, पण तुम्ही असं का करता ते मला कळल्याशिवाय मी जाणार नाही. काकांनी हातातला शंकू ठेवला. घरातून आलं हे, एवढंच म्हणाले आणि बाकावर बसले. रागावतील असं तिला वाटलं होतं. ते रागावले नाहीत.

"तू लिहितेस ते काम मी केलंय," ते म्हणाले. "तुझ्याहून लहान होतो तेव्हा."

मग त्यांनी सांगितलं. एकोणीसशे पंच्याहत्तर साल. कोल्हापुरात पॉलिटेक्निकला होते आणि एका सांजदैनिकाला फुटबॉलच्या बातम्या द्यायचे. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे पेठेची अब्रू, आणि संघही तालमींचेच, त्यामुळे पेपर तालमीतालमीत वाचला जायचा. निशिकांतची ख्याती अशी की दगडालाही बोलतं करील. सामना संपला की हरलेल्या पोराला बाजूला घ्यायचं, चहा पाजायचा, खांद्यावर हात टाकायचा, आणि दोन मिनिटं काही विचारायचंच नाही. पोरगं आपोआप बोलतं. दीनानाथ म्हणून एक सतरा वर्षांचा पोरगा होता. त्याने पेनल्टी बाहेर मारली आणि संघ हरला. निशिकांतने चहा पाजला. पोरगं रडत रडत म्हणालं, पेनल्टी माझी नव्हतीच. कॅप्टन मारणार होता, पण त्याचे पाय कापायला लागले, म्हणून मला पुढं ढकललं.

"शब्दाला शब्द छापलं मी," काका म्हणाले. "एक अक्षर खोटं नव्हतं. दुसऱ्या दिवशी कॅप्टनला पेठेत बाहेर पडता येईना. आणि दीनानाथला त्याच्याच तालमीनं बाहेर काढलं, आपल्या माणसाची लाज चव्हाट्यावर मांडली म्हणून. परत कधी त्यानं बुटाला पाय लावला नाही. मी आठवडाभरात बातम्या देणं सोडलं. पण त्याचं काय?"

अश्लेषाला त्यांची कीव आली आणि त्याच वेळी काहीतरी टोचलंही, आणि काय टोचलं ते शोधायला तिला थोडा वेळ लागला. काका पुढे सांगत होते. झाकली मूठ सव्वा लाखाची. अवनी बोलली तर उद्या तीच चुगलखोर ठरेल, दीनानाथसारखी. हुई मिनला एका शाळेत शिक्षिकेची नोकरी लागायच्या बेतात आहे, पत्र यायचंय. इंटरनेटवर एकदा आलं की पुसता येत नाही. घाबरून श्वास अडकलेली मुलगी म्हणून तिचं नाव कायम राहील. म्हणून त्याच दिवशी, काकू हुई मिनला टॅक्सीने घरी सोडायला गेल्यावर, त्यांनी सगळ्या संघाला गोल करून बजावलं होतं. हा विषय बाहेर नाही, आपसात नाही, आणि हुई मिनसमोर तर मुळीच नाही. पोरींनी ऐकलं. चांगल्या पोरी आहेत.

"काका," अश्लेषा म्हणाली, "त्या कॅप्टनला तुम्ही छापायच्या आधी विचारलं होतंत?"

"नाही."

"आणि हुई मिनला?"

मैदानाच्या पलीकडच्या फाटकातून पोरी यायला लागल्या होत्या, खांद्यावर स्टिकच्या पिशव्या, आपापसात हसत. हुई मिन त्यांच्या मागून एकटी येत होती. काका तिच्याकडे बघत राहिले. अश्लेषाला वाटलं, आता ते नेहमीचं वाक्य म्हणतील, मुली मेहनत घेताहेत. पण उठून त्यांनी शिट्टी वाजवली आणि सराव सुरू केला. साप्ताहिकाच्या त्या पानावर टेबल टेनिस गेलं.

शुक्रवारी काकूंचा फोन आला, की ह्यांनी काल जेवताना वाढलेलं पान तसंच ठेवलं. माझ्यावर चिडले असते तरी चाललं असतं, पण हे नुसतंच बसलेत. तू काय बोललीस? अश्लेषाने सांगितलं. मग त्या म्हणाल्या, तीस वर्षं संसार केला मी ह्या माणसाशी, पण हा प्रश्न मला सुचला नाही.

शनिवारी सकाळी अश्लेषाला एक निरोप आला. चार वाजता मैदानावर ये. फॉर्म आणू नको.

ती गेली तेव्हा बाकावर काका, हुई मिन आणि अवनी असे तिघं बसले होते. हुई मिन ही उंच, शांत मुलगी. तिचे दोन्ही हात मांडीखाली दाबलेले होते. सगळ्यांना इथे का बोलावलंय हे तिला माहीत नव्हतं, आणि तिच्या चेहऱ्यावरून तिने वाईटातलं वाईट धरलेलं दिसत होतं. काकांनी घसा साफ केला. यार्डात शंभर माणसांसमोर रोज सकाळी सूचना देणारा तो माणूस, पण शब्द शोधत होता. त्यांनी इंग्रजीत सांगितलं, की ही वृत्तपत्राची मुलगी आहे. त्या दिवशी काय झालं ते हिला कळलंय, माझ्याच घरातून. ती ते छापणार नाही. पण अवनीवर लोक नको ते बोलताहेत आणि ती खेळ सोडायच्या गोष्टी करतेय. मी सगळ्यांना गप्प बसवलं ते तुझ्यासाठी. आता तुला विचारतो. तुला काय वाटतं?

हुई मिनने आधी अवनीकडे बघितलं, मग कोचकडे.

"तुम्ही सांगितलं होतं त्यांना?" तिने विचारलं. "माझ्याशी बोलू नका म्हणून?"

त्या विषयावर बोलू नका म्हणून, काका म्हणाले.

हुई मिन जे इंग्रजीत बोलली ते तुकड्यातुकड्यांत आलं, आणि अश्लेषाला ते नंतर कधीही विसरता आलं नाही. ती म्हणाली, तीन आठवडे मी खोलीत आले की सगळ्या गप्प होतात. मी बूट बांधायला बसले की शेजारची उठते. अवनी माझ्याकडे बघत नाही. तुमच्याकडे रविवारी यायला निघाले होते, लिफ्टपर्यंत येऊन परत गेले. मला वाटलं, तुम्हा सगळ्यांना माझी लाज वाटते. माझ्यामुळे हरलो म्हणून. मी घाबरले हे लोकांना कळलं तर मला काय होणार आहे? मला चौदा वर्षांच्या मुलींना शिकवायचंय, त्याही घाबरणारच आहेत. पण तुम्ही माझ्याशी बोलत नव्हता, ते मला सहन होत नव्हतं.

अवनी रडायला लागली होती. तिने काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला आणि ते जमलं नाही म्हणून हुई मिनचा हात धरला. निशिकांतकाका समोरच्या गोलपोस्टकडे बघत होते. अश्लेषाने त्यांचा चेहरा बघितला आणि तिला आपल्या प्रश्नाचा पश्चात्ताप झाला. मग तेवढ्यातच वाटलं, नाही, विचारायलाच हवा होता. एकोणचाळीस वर्षांपूर्वी एका पोराचं बोलणं न विचारता छापलं, आणि आता एका पोरीचं बोलणं न विचारता दाबलं. दोन्ही वेळा भलं-बुरं त्यांनीच ठरवलं होतं. हे तिने उच्चारलं नाही. त्यांना ते कळलेलं दिसत होतं.

"चुकलं माझं, पोरी," ते म्हणाले, आणि म्हणाले ते मराठीत, बहुतेक स्वतःच्याही नकळत.

हुई मिनने अवनीकडे बघितलं. अवनीने नाक पुसत तिला इंग्रजीत सांगितलं. माफ करणं तिला सोपं जात नव्हतं आणि ते सोपं असल्याचं सोंगही ती करत नव्हती. मग तिने मांडीखालचा दुसरा हात बाहेर काढला आणि अश्लेषाला विचारलं, वही आणलीय का. अश्लेषाने वही काढली. काका बाकावर सरकून बसले, ऐकू येईल इतक्या अंतरावर, प्रत्येक शब्दावर पहारा द्यायला.

"कोच," हुई मिन म्हणाली, "तुम्ही तिकडे जा. आम्हाला बोलायचंय."

काका तसेच बसून राहिले, ऐकू न आल्यासारखे. मग उठले. त्यांना कुठे जावं ते कळेना. अकरा वर्षांत त्या मैदानावर असं कुणी त्यांना दूर जायला सांगितलं नव्हतं. शेवटी ते चालत चालत पार पलीकडच्या गोलपोस्टपाशी गेले आणि तिथे, इकडे पाठ करून, जाळीला धरून उभे राहिले. अश्लेषाने पेन उघडलं. तिने प्रश्न तयार ठेवले होते, पण पहिला प्रश्न विचारायच्या आधीच हुई मिन म्हणाली की आधी हे लिही, अवनीला कोचनी आत पाठवलं नव्हतं. तिला मी पाठवलं होतं.